रविवारची सकाळ मुलांची नव्हती

उन्हाळ्याची सुट्टी लागली की एक मजकूर व्हॉट्सॲपच्या गटांत हमखास फिरायला लागतो. यंदा तो मला चार गटांतून आला, त्यांतला एक आमच्या केंद्रातल्या शिक्षकांचाच गट. मजकुराचा सारांश असा : दूरदर्शनने रविवारची सकाळ खास मुलांसाठी राखून ठेवली होती. तेव्हा जे लागायचं ते आपल्या मातीतलं होतं, संस्कार करणारं होतं. जाहिरातींचा मारा नव्हता. मग केबल आली, मुलं तिकडे पळाली, दूरदर्शनचा इलाज चालला नाही. आणि आता घरोघरी मोबाइल आहेत, सरकारने अभ्यासाच्या ढीगभर वाहिन्या काढल्या आहेत, तेव्हा मुलांसाठी वेगळ्या सरकारी कार्यक्रमांची गरजच उरलेली नाही.

याखाली बदाम टाकणारी माणसं माझ्या वयाची आहेत, काही तर माझ्या वर्गातली. त्यांच्या आठवणी खऱ्या आहेत, माझ्याही त्याच आहेत. पण त्या आठवणींवरून काढलेलं एकेक अनुमान तपासलं तर टिकत नाही, आणि शेवटचं तर आजच्या मुलांचं नुकसान करणारं आहे. म्हणून हे लिहिते आहे.

"रविवारची सकाळ मुलांसाठी राखून ठेवली होती."

२५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झालं आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत चाललं. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला 'महाभारत' आलं. पुढे नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी 'चंद्रकांता' लागायची. हे सगळे अख्ख्या घराचे कार्यक्रम होते. आम्ही पोरं अगदी पुढे बसायचो, कारण मागे आजी, बाबा, शेजारच्या काकू, सगळेच बसलेले असायचे. मूल बघतं म्हणून कार्यक्रम मुलांचा होत नाही.

रविवारी काय लागणार हे ठरायचं पैशावर. १९८४ मध्ये 'हम लोग' आली आणि प्रायोजित मालिकांची पद्धत रुळली. निर्मात्याने दूरदर्शनला प्रक्षेपण शुल्क भरायचं, त्या बदल्यात त्याला जाहिरातींची काही मिनिटं मिळायची, ती विकून त्याने खर्च काढायचा. ज्या वेळेला प्रेक्षक जास्त, तिचं शुल्क जास्त. 'शक्तिमान' आधी शनिवारी आणि मंगळवारी लागायचं, नंतर ते रविवारी गेलं. रविवारी गेल्यावर शुल्क कसं वाढलं आणि पुढे वाढतच गेलं, हे तिचे निर्माते आणि नायक मुकेश खन्ना यांनी मुलाखतींतून सांगितलेलं आहे. देशातल्या मुलांची सर्वांत लाडकी मालिका, आणि तिची वेळ ठरवताना प्रश्न होता तो निर्मात्याला ती वेळ परवडते का. याला राखून ठेवणं म्हणत नाहीत. ती भाड्याने दिलेली जागा होती.

खरोखर मुलांसाठी राखलेली वेळ दूरदर्शनवर होती, पण या मजकुरात तिचा उल्लेखच नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्या केंद्रावर संध्याकाळी मुलांचे कार्यक्रम असायचे : मराठीत 'किलबिल', हिंदीत 'खेल खिलौने', गुजरातीत 'संताकुकडी', इंग्रजीत 'मॅजिक लॅम्प'. एका शहरातल्या चार भाषांच्या मुलांना आपापला दिवस, आपापलं नाव. साधा स्टुडिओ, मागे रंगवलेला पडदा, समोर खरीखुरी मुलं. सार्वजनिक प्रसारणाने मुलांसाठी काय करावं याचा याहून चांगला नमुना मला आपल्याकडे दिसत नाही.

पण तो सगळ्या महाराष्ट्राला मिळाला नाही. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी वाढले. १९८४ च्या आसपास देशभर लघुशक्ती प्रक्षेपक झपाट्याने उभे राहिले, ते प्रामुख्याने दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम दाखवायचे. 'किलबिल' हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते दादरच्या मावसबहिणीकडून. ती त्यातली गाणी म्हणून दाखवायची आणि आम्ही ऐकायचो. म्हणजे मराठी मुलांसाठीचा मराठी कार्यक्रम मराठवाड्यातल्या मुलीला सुट्टीत मावशीकडे गेल्यावर कळायचा.

इथे वेळ आणि नाव या दोन गोष्टींबद्दल थोडं बोलायला हवं, कारण सगळं त्यांवरच येऊन थांबतं. पाच वर्षांच्या मुलाला घड्याळ वाचता येत नाही, कार्यक्रमपत्रिका तर नाहीच नाही. त्याला कळतं ते रोज त्याच वेळेला वाजणारं तेच गाणं, तोच चेहरा, तीच बाहुली. बीबीसीवर मुलांचे कार्यक्रम दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच सुरू झाले होते. १९८५ मध्ये त्यांनी दुपारच्या त्या वेळेला 'चिल्ड्रन्स बीबीसी' असं ठळक नाव दिलं, दोन कार्यक्रमांच्या मधे मुलांशी बोलणारा निवेदक बसवला. फेब्रुवारी २००२ मध्ये त्यातून दोन स्वतंत्र वाहिन्या निघाल्या, शाळकरी मुलांची सीबीबीसी आणि त्याहून लहानांची सीबीबीज. जपानच्या एनएचकेवर 'ओकासान तो इश्शो', म्हणजे 'आईबरोबर', हा अगदी लहान मुलांचा कार्यक्रम ऑक्टोबर १९५९ मध्ये सुरू झाला आणि अजून चालू आहे. ज्या आजीने तो लहानपणी पाहिला, तिची नातवंडं आज तो पाहतात. आपलं दूरदर्शनही त्याच १९५९ सालच्या सप्टेंबरात दिल्लीत सुरू झालं. आपल्याकडे कार्यक्रमांना नावं होती, वेळेला नाव नव्हतं. एक मालिका संपली की मुलांची वेळही तिच्याबरोबर संपायची.

"सगळं आपल्या मातीतलं होतं."

'जंगल बुक' ही मालिका १९८९ साली जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने केली. 'डकटेल्स' आणि 'टेलस्पिन' डिस्नेच्या. 'ही-मॅन' अमेरिकी. 'जायंट रोबो' जपानी. मोगली आपल्याला आपला वाटतो, कारण हिंदी शीर्षकगीत गुलजारांनी लिहिलं, चाल विशाल भारद्वाजांनी दिली आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज मिळाला. परकी मालिका आणून ती इतक्या प्रेमाने आपल्या भाषेत उतरवणं ही मोठीच गोष्ट आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती 'तेव्हाचं स्वदेशी, आताचं परदेशी' या मांडणीबद्दल. आजच्या मुलांना जपानी कार्टूनवरून बोल लावणाऱ्या माणसाचं स्वतःचं बालपण जपानी मोगलीबरोबर गेलेलं आहे.

मातीतलं काम झालं होतं, ते वेगळीकडे. १९७४ मध्ये फिल्म्स डिव्हिजनने 'एक अनेक और एकता' हा छोटा ॲनिमेशनपट केला. 'एक चिड़िया, अनेक चिड़ियाँ' म्हटलं की चाळिशीच्या पुढचं कुणीही पुढची ओळ म्हणतं. तो विजया मुळे यांचा. पुढच्याच वर्षी साइट नावाचा प्रयोग झाला : १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत दूरचित्रवाणी पोहोचली. सकाळी शाळेच्या वेळात प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी त्यांच्या भाषेत कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी. मुलांच्या कार्यक्रमांच्या त्या कामातही विजयाताई पुढे होत्या. जिथे वीज धड नाही, पक्की शाळा नाही, अशा गावातल्या मुलाचा विचार करून वेळ आखलेली होती. मूल आधी आणि जाहिरातदार नंतर, नव्हे, जाहिरातदार नाहीच, असा तो क्रम होता.

त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्या वाट्याला आली ती पुण्याची बालचित्रवाणी. १९८४ मध्ये सेनापती बापट रस्त्यावर, बालभारतीच्या शेजारी ती उभी राहिली. इन्सॅट उपग्रहाच्या शालेय प्रसारणासाठी मराठी कार्यक्रम करणं हे तिचं काम. शाळेला मिळालेला टीव्ही लाकडी कपाटात कुलूपबंद असायचा, किल्ली मुख्याध्यापकांकडे, आणि तो उघडला की आम्ही जमिनीवर मांडी घालून बसायचो. मराठीत, आपल्यासारख्याच मुलांना घेऊन केलेले कार्यक्रम मी पहिल्यांदा पाहिले ते तिथे. कठपुतळ्या होत्या, विज्ञानाचे छोटे प्रयोग होते, गाणी होती. केंद्र सरकारचं अनुदान आटलं, कर्मचाऱ्यांचे पगार थकले आणि २०१७ मध्ये शासनाने ही संस्था बंद केली. तेव्हा या मजकुरासारखा एखादा मजकूर गटागटांतून फिरायला हवा होता. मला तरी तो आला नाही.

"जाहिरातींचा मारा नव्हता."

दूरदर्शनवर जाहिराती १९७६ पासून आहेत. रसनाची ती लहान मुलगी आणि तिचं वाक्य माझ्या पिढीतल्या प्रत्येकाला पाठ आहे, ते दूरदर्शनमुळेच. 'शक्तिमान'बरोबर पार्ले-जी होतं. आजच्या मानाने जाहिराती कमी होत्या, हे मान्य. शिवाय दूरदर्शनच्या जाहिरात संहितेत एक चांगलं कलम होतं : अमुक वस्तू आपल्याकडे नसली तर आपण इतर मुलांपेक्षा कमी ठरतो, असं मुलांना वाटायला लावणारी जाहिरात चालणार नाही. पण मुलांच्या कार्यक्रमाचा खर्चच जाहिरातींतून निघणार असेल, तर त्या नव्हत्या असं कसं म्हणायचं? जर्मनीत एआरडी आणि झेडडीएफ या सार्वजनिक संस्थांनी १९९७ मध्ये मुलांची 'किका' ही वाहिनी काढली, तिच्यावर जाहिराती नसतात. जाहिरातमुक्त म्हणजे ते.

"केबल आली, मुलं पळाली."

सालं बघा. कार्टून नेटवर्क भारतात १९९५ मध्ये आलं. 'शक्तिमान' सुरू झालं १९९७ मध्ये आणि २००५ पर्यंत चाललं. म्हणजे केबलवर कार्टून दिसत असतानाही देशभरातली मुलं दूरदर्शनसमोर खिळलेली होती. शिवाय केबल आली ती शहरांत आणि मोठ्या गावांत. आमच्या शाळेच्या वाड्या-तांड्यांवर त्यानंतरही कित्येक वर्षं दूरदर्शन एवढंच होतं. त्या मुलांना पळायला दुसरी जागाच नव्हती.

मग झालं काय? 'शक्तिमान' संपलं आणि त्याच्या जागी तितक्याच जोमाने दुसरं काही आलं नाही. २६ जानेवारी २००२ ला डीडी भारती सुरू झाली तेव्हा तिच्या आखणीत आरोग्य आणि कला-संस्कृती यांच्या जोडीला मुलंही होती. आज ती वाहिनी ओळखली जाते ती शास्त्रीय संगीतासाठी, नृत्यासाठी, वारशासाठी. ते काम मोलाचंच आहे, पण मुलं त्यातून हळूहळू निसटली. त्याच सुमारास, २००४ मध्ये, पोगो, हंगामा आणि डिस्ने या तीन वाहिन्या भारतात आल्या. पुढे सन समूहाने तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम मुलांसाठी त्यांच्या भाषेत स्वतंत्र वाहिन्या काढल्या. मराठी मुलाच्या वाट्याला मुख्यतः हिंदीच आलं. पहिलीत येणारं मूल 'पकडो' आणि 'बचाओ' म्हणत येतं, तेव्हा मी त्याला रागवत नाही. त्याला त्याच्या भाषेत काही दाखवायची जबाबदारी ज्यांची होती, त्यांनी ती सोडून दिली आहे.

आणि जबाबदारी होती, असं मी भावनेच्या भरात म्हणत नाही. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, अमलात आला १९९७ मध्ये. त्याच्या बाराव्या कलमात या संस्थेची कर्तव्यं दिली आहेत. शिक्षण आणि साक्षरतेकडे विशेष लक्ष देणं त्यात आहे आणि मुलांच्या हितरक्षणासाठी खास पावलं उचलणंही आहे. 'केबल आली तर यातून सूट' असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. उलट, बाजार ज्या मुलाकडे बघत नाही त्याच्याकडे बघायलाच सार्वजनिक प्रसारण असतं.

"मोबाइल आहेत, अभ्यासाच्या वाहिन्या आहेत, आता गरज काय?"

याचं उत्तर मला २०२० मध्ये मिळालं. शाळा बंद होत्या. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक घरांत एकच मोबाइल, तोही सकाळी वडिलांबरोबर शेतात किंवा कामावर जायचा. ऑनलाइन वर्ग घ्यावा तर समोर पाच-सहा मुलं. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झालं. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची मालिका, पहिली ते आठवीसाठी, रविवार सोडून रोज, प्रत्येक इयत्तेची वेळ ठरलेली. मी घरोघर जाऊन भिंतींवर खडूने वेळ लिहून आले. ज्यांच्याकडे टीव्ही नव्हता ती मुलं शेजारच्या ओट्यावर बसली. त्यात पुस्तक वाचून दाखवणारे गुरुजी नव्हते. घरातली मोठी माणसं आणि मुलं मिळून काहीतरी करतायत, शोधतायत, असं होतं. नाव गोड, वेळ ठरलेली, भाषा आपली. दोन आठवड्यांत मुलं एकमेकांना हाका मारून बोलवायला लागली. मोबाइल प्रत्येकाचा वेगळा असतो आणि ज्याच्याकडे नाही त्याचा नसतोच. ठरलेल्या वेळेचा टीव्ही गल्लीचा होतो.

अभ्यासाच्या वाहिन्या आहेत, हे खरं. केंद्र सरकारच्या पीएम ई-विद्या या शालेय शिक्षणाच्या योजनेतल्या १२ वाहिन्यांच्या २०० करण्याची घोषणा २०२२ च्या अर्थसंकल्पात झाली. केरळची व्हिक्टर्स २००५ पासून आहे, तमिळनाडूने २०१९ मध्ये कल्वी टीव्ही काढली. या वाहिन्यांचा उपयोग मी शिक्षिका म्हणून नाकारत नाही. पण फळ्यासमोर उभं राहून सांगितलेला धडा आणि मुलांचा कार्यक्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळा सुटल्यावर कुठलंही मूल आपण होऊन इयत्तेचा क्रमांक लिहिलेली वाहिनी लावत नाही. त्याला गोष्ट हवी असते, हसायचं असतं, आपल्यासारखं बोलणारं कुणीतरी बघायचं असतं.

आमची शाळा पाचला सुटते. दप्तर टाकून, हातपाय धुऊन, काहीतरी खाऊन मूल मोकळं होतं ते साडेपाचला. सह्याद्रीवर सोमवार ते शनिवार साडेपाच ते सहा ही वेळ मुलांना द्यावी. तिला एक नाव द्यावं, एक गाणं द्यावं, आणि मालिका संपली, निर्माता बदलला, प्रायोजक मिळाला नाही, तरी ती वेळ हलवू नये. बालचित्रवाणीचे आणि 'किलबिल'चे जे कार्यक्रम शिल्लक असतील त्यांच्यापासून सुरुवात करता येईल. टिलीमिलीचे भाग तर तयारच आहेत. पुढचा मजकूर कुणाला पाठवायचाच असेल, तर या मागणीचा पाठवा. मी आमच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या सह्या गोळा करायला सुरुवात केली आहे.