किरकोळ मत आणि ठोक मत

आज ग्रुपवर पुन्हा तोच फॉरवर्ड: "पाचशेला मत विकणाऱ्यांनो, पाच वर्षं खड्ड्यांवर बोलू नका." लाइक करणारे सगळे आपलेच. डोकं फिरलं.

उमराणे आठवतंय? नाशिकच्या देवळा तालुक्यातलं गाव. २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीआधी सरपंचपदाची जाहीर बोली लागली, मंदिरासाठी २ कोटी ५ लाख! नंदुरबारच्या खोंडामळीत ४२ लाख. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही निवडणुका रद्द केल्या. तेव्हा का नाही फिरला असा फॉरवर्ड?

पाचशेचं गणित बघा. मतदार यादी वॉर्डाप्रमाणे सुटी करतात, घरासमोर खूण: आपलं, त्यांचं, काठावरचं. जोर काठावरच्यांवर. वॉर्डात चारपाचशे मतं, निकाल दहावीस मतांनी फिरतो, म्हणून पाच मतांच्या घराला भाव. पुण्या-मुंबईला गेलेल्या मतदारांना आणायची गाडी वेगळी, ढाब्यावर फुकट जेवायची चिठ्ठी वेगळी. पाकिटं शेवटच्या रात्रीच निघतात. आधी दिली तर समोरचा शंभर वाढवून जातो. गळती वाटणाऱ्यापाशी: वरून हजार निघाले की दारात सातशे. एवढं करून मत गुप्तच, दोन्हीकडून घेणारी घरंही असतात. तरी देतात, कारण न देणाऱ्याला "हा आपल्याला मोजत नाही" म्हणून घरं सोडून समोरच्याकडे जातात.

खर्चाचा हिशेब ३० दिवसांत द्यायचा. त्यात बॅनर, रिक्षा, चहा. पाकिटाला रकाना नाही.

घेणाराही कायद्याने गुन्हेगार, बरं, मान्य. पण रोजंदारी बुडवून रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला ते पाचशे म्हणजे एका दिवसाची मजुरी. तिच्यावर मला रागावता येत नाही.

उमराण्याच्या पद्धतीत तर तिला तेही मिळत नाही. बोली ठरली की बाकीचे अर्ज मागे घेणार, मतदान होणारच नाही. पैसा देवाच्या नावावर, त्यामुळे लाजही नाही. आणि बोली लावणारा वसूल कुठून करणार? ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) निधीतला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. म्हणजे गटार आणि पाइपलाइनमधूनच की!

सगळीच बिनविरोध गावं विकलेली नसतात, हेही खरं. पण त्याच हंगामात काही आमदारांनी बिनविरोध गावाला लाखोंचा निधी जाहीर केला होता, तो काय होता? पुढच्या वेळी कुणी "आमचं गाव बिनविरोध" असा हारतुऱ्यांचा फोटो टाकला, तर खाली एवढंच विचारा: माघार कुणी घेतली आणि कशावर घेतली? मग खुशाल पाचशेवाल्यांचे फॉरवर्ड पाठवा.