अमेरिकेने सरकारी शाळा खरंच ‘सोपवल्या’ का?

शिक्षक भरतीची, लहान शाळा एकत्र करणाऱ्या समूह शाळांची नाहीतर दत्तक शाळांची बातमी आली की दोन दिवसांत तो मजकूर ग्रुपवर येतोच. थोडक्यात असा: अमेरिकेत सरकारी शाळा बुडाल्या होत्या. सरकारने त्या खासगी संस्थांच्या हाती दिल्या, शिक्षकांच्या युनियन मोडल्या, कामचुकारांना घरी बसवलं आणि निकाल सुधारले. या त्या चार्टर शाळा. आपल्याकडे मात्र झेडपीचे गुरुजी लठ्ठ पगार उचलतात आणि पाचवीच्या पोराला भागाकार येत नाही. तेव्हा शाळा संस्थांना, कंपन्यांना देऊन टाका आणि मोकळे व्हा.

भागाकाराचं दुखणं खरं आहे. मुलांना वाचता-मोजता येतं का हे पाहणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाचा अहवाल निघाला की ते पुन्हा दिसतं आणि गुरुजींनाही ते ठाऊक असतं. बाकीची वाक्यं मात्र एकेक करून तपासावी लागतील.

पहिलं, ‘अमेरिकेने शाळा सोपवल्या’. चार्टरचा पहिला कायदा मिनेसोटा राज्याने 1991 मध्ये केला आणि पहिली शाळा 1992 मध्ये सेंट पॉल शहरात उघडली, तीही शाळा सोडून बसलेल्या मुलांसाठी. त्यानंतर तीस वर्षं झाली, तरी सरकारी पैशावर शिकणाऱ्या दर शंभर मुलांपैकी चार्टरमध्ये आहेत साधारण सात-आठ. बाकीची आजही स्थानिक शाळा मंडळाच्या नेहमीच्या शाळेतच जातात. शिवाय चार्टर शाळा ही खासगी शाळा नव्हे. तिला फी घेता येत नाही, अर्ज जास्त आले तर आपल्या आरटीई (शिक्षण हक्क कायदा) प्रवेशासारखी सोडत काढावी लागते, आणि पैसा सरकारचाच असतो. फक्त कारभार एका स्वतंत्र मंडळाकडे, ठरावीक वर्षांच्या करारावर. करार पाळला नाही तर शाळा बंद.

‘युनियन मोडण्यासाठी आणलेली योजना.’ इथे तर इतिहासच उलटा आहे. ही कल्पना देशभर पोहोचवली ती अल्बर्ट शँकर यांनी, 1988 मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमधल्या भाषणात. हे गृहस्थ अमेरिकेतल्या दोन मोठ्या शिक्षक संघटनांपैकी एकीचे अध्यक्ष! त्यांचं म्हणणं असं की नेहमीच्या चाकोरीत न बसणाऱ्या मुलांसाठी शिक्षकांच्या छोट्या गटांना वेगळं काही करून बघायची मोकळीक द्या. पुढे नफ्यासाठी शाळा चालवणाऱ्या कंपन्या त्यात शिरल्या, तेव्हा तेच शँकर विरोधात गेले. आणि युनियनमुळे शाळा बुडतात म्हणावं, तर मॅसॅच्युसेट्सचं काय करायचं? तिथे शिक्षक संघटना भक्कम आहेत आणि देशपातळीवरच्या चाचण्यांत ते राज्य वर्षानुवर्षं वरच्या रांगेत असतं.

‘निकाल सुधारले.’ हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि इथे हो किंवा नाही म्हणून सुटका नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ‘क्रेडो’ या केंद्राने 2009 मध्ये सोळा राज्यांची पाहणी केली. गणितात 17 टक्के चार्टर शाळा जवळच्या सरकारी शाळांपेक्षा सरस निघाल्या, 37 टक्के त्यांच्याहून वाईट आणि उरलेल्या तशाच. त्याच केंद्राचा 2023 चा अहवाल चार्टरच्या बाजूने झुकतो: 180 दिवसांच्या शालेय वर्षाच्या हिशेबात वाचनात 16 दिवसांची आघाडी, गणितात 6 दिवसांची. आघाडी आहे, पण बेताची. याच अहवालात ऑनलाइन चार्टर शाळांची मुलं वाचनात 58 आणि गणितात 124 दिवस मागे पडलेली दिसतात. हा आकडा त्या मजकुरात कधीच नसतो.

बोस्टनच्या चार्टर शाळा मात्र खरोखर चांगल्या आहेत. तिथल्या अभ्यासांत सोडतीत नंबर लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना केली, म्हणजे हौशी पालकांचीच मुलं तिथे जातात हा आक्षेपही उरत नाही. फरक मोठा निघाला. तो कशाने पडला, हा खरा प्रश्न. शाळेचा दिवस लांब, शिस्त कडक, शिक्षकांच्या वर्गावर सतत कुणाची तरी नजर आणि मागे पडलेल्या मुलांसाठी रोजची शिकवणी. मग हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ रोलंड फ्रायर यांनी याच गोष्टी 2010 पासून ह्यूस्टनच्या नेहमीच्या सरकारी शाळांत आणल्या. काही इयत्तांना रोज गणिताची शिकवणी, दोन मुलांमागे एक शिकवणारा. गणित चांगलंच सुधारलं, वाचन फारसं हललं नाही. पहिल्या नऊ शाळांत मुख्याध्यापक सगळे बदलले होते आणि निम्म्याच्या आसपास शिक्षकही, हेही सांगायला हवं, नाहीतर मीही सोयीचं तेवढंच सांगतोय असं होईल. पण शाळा सरकारचीच राहिली. म्हणजे जे लागू पडलं, त्यासाठी मालक बदलावा लागला नाही. दोन मुलांमागे एक माणूस बसवायला पैसा लागतो, तो मात्र कुणीतरी द्यावाच लागतो.

पैशावरून न्यू ऑर्लीन्स आठवतं. 2005 च्या कॅटरिना वादळानंतर तिथल्या शाळा मंडळाने सात हजारांवर कर्मचाऱ्यांना काढलं आणि पुढच्या काही वर्षांत जवळजवळ सगळ्या शाळा चार्टर झाल्या. निकाल सुधारले, हे ट्युलेन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलंय. त्याच संशोधकांनी खर्चही मोजला: तुलनेतल्या इतर भागांपेक्षा दर मुलामागे 13 टक्के जास्त. त्यात प्रशासनावरचा खर्च 66 टक्क्यांनी वाढला आणि प्रत्यक्ष शिकवण्यावरचा 10 टक्क्यांनी घटला. स्वस्तात काम होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी हा हिशेब पाहावा. आणि 2024 मध्ये त्याच शहराच्या मंडळाने स्वतः चालवायची एक शाळा पुन्हा उघडली.

‘नोकरीची भीती घातली की गुरुजी शिकवतात.’ हा प्रयोग अमेरिकेने मनापासून करून पाहिला. गेट्स फाउंडेशनच्या पुढाकाराने टॅम्पा, मेम्फिस, पिट्सबर्ग इथल्या शाळा आणि काही चार्टर संस्था मिळून शिक्षकांचं मूल्यमापन, बक्षिसं, बढत्या, बडतर्फी यांवर सुमारे 57.5 कोटी डॉलर खर्च झाले. 2018 मध्ये रँड या संशोधन संस्थेचा अहवाल आला: मुलांच्या निकालात म्हणावा असा फरक नाही. अटलांटात तर गुणांवरच मुख्याध्यापकांचं भवितव्य टांगलेलं. तिथे काही शाळांत शिक्षकच एकत्र बसून उत्तरपत्रिकांवरची चुकीची वर्तुळं खोडायचे आणि बरोबर रंगवायचे. खाडाखोड यंत्राने मोजली तेव्हा चुकीचं खोडून बरोबर केलेली उत्तरं इतकी निघाली की योगायोग म्हणायची सोय उरली नाही. 2011 च्या चौकशीत 44 शाळा अडकल्या, 2015 मध्ये अकरा जणांना ज्यूरीने दोषी ठरवलं. आपल्याकडे दहावीच्या केंद्रावर खिडकीतून चिठ्ठ्या पोचवणारे पाहिलेल्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

आता घरचा मुद्दा, ‘आपणही संस्थांना देऊन बघू’. अहो, दिल्या आहेत की! पगार सरकारचा, कारभार संस्थेचा, हीच तर आपली अनुदानित शाळा. राज्यातलं माध्यमिक शिक्षण बहुतांशी याच पद्धतीवर उभं आहे. तिने काय दिलं? 1919 मध्ये कर्मवीरांनी काढलेली रयत शिक्षण संस्था दिली, जिच्या शाळांत शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या पिढ्या शिकल्या. आणि याच पद्धतीने संस्थाचालकाला काही लाख मोजल्याशिवाय मास्तरकी मिळत नाही ही ख्यातीही दिली, इतकी की 2017 मध्ये सरकारला शिक्षक भरतीसाठी ‘पवित्र’ हे ऑनलाइन पोर्टल आणावं लागलं. 2011 च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली, म्हणजे पटावरची मुलं शाळेत प्रत्यक्ष मोजली. तेच मूल दुसऱ्या शाळेत पुन्हा मोजलं जाऊ नये म्हणून मतदानासारखी बोटाला शाई लावली, आणि कागदावरची लाखो पोरं हवेत विरली. 2025 मध्ये नागपूर विभागात शालार्थ आयडीचा, म्हणजे शिक्षकाच्या सरकारी पगारासाठी लागणाऱ्या क्रमांकाचा, घोटाळा उघडकीला आला: खासगी शाळांतल्या बोगस नेमणुका आणि त्यांच्यावर निघालेले सरकारी पगार.

अमेरिकेतही रोग तोच. ओहायोतली ‘ईकॉट’ ही ऑनलाइन चार्टर शाळा सुमारे 15 हजार मुलांचे पैसे घेत होती. राज्याने नोंदी तपासल्या तर हिशेब जेमतेम 6,300 मुलांचा लागला. कॅलिफोर्नियात काही चार्टरचालकांनी उन्हाळी खेळांच्या क्लबांतली पोरं परस्पर पटावर चढवली. 2019 मध्ये आरोपपत्र आलं, 2021 मध्ये मुख्य सूत्रधारांनी गुन्हा कबूल केला. पटामागे पैसा आणि तपासायला कुणी नाही, असं जमलं की संस्था पुण्यातली असो की सॅन डिएगोतली, पट फुगतो.

दत्तक शाळा योजनेला चार्टर म्हणणारेही भेटतात. 18 सप्टेंबर 2023 चा तो शासन निर्णय देणगीचा आहे: पाच किंवा दहा वर्षांसाठी वस्तू-सेवा द्या, शाळेला हवं ते नाव जोडा. वर्ग कोण चालवणार, यात काही बदलत नाही. चार्टरच्या खऱ्या जवळचं काही पाहायचं असेल तर ‘आकांक्षा’ ही स्वयंसेवी संस्था पुणे, मुंबई, नागपूरच्या महापालिकांबरोबर चालवते त्या शाळा पाहाव्यात. काम चांगलं आहे. मात्र महापालिकेच्या सोयींवर देणगीदारांच्या पैशांची भर पडते तेव्हा ते उभं राहतं.

पगाराबद्दल एवढंच: नवीन लागणारा प्राथमिकचा गुरुजी आधी तीन वर्षं शिक्षण सेवक असतो, मानधन 16 हजार. 2023 पर्यंत ते 6 हजार होतं. आणि दोनशिक्षकी शाळेत पहिली ते चौथी असतात. एक जण केंद्राच्या बैठकीला नाहीतर मतदार यादीच्या कामाला गेला की चारही वर्ग एकावर. त्यानेच तांदळाची शिल्लक लिहायची, खिचडीचा हिशेब ठेवायचा, यू-डायस या सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती भरायची आणि उरलेल्या वेळात भागाकार. शिक्षण हक्क कायद्याचं 27 वं कलम अशैक्षणिक कामांना मनाई करतं, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणुका त्यातून वगळतं. आपल्याकडे निवडणूक कधी नसते? जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवणाऱ्या डिसले गुरुजींचं नाव मी मुद्दाम घेत नाही. एका माणसावरून व्यवस्था चांगली ठरत नाही, तशी एका झोपलेल्या मास्तराच्या व्हिडिओवरून वाईटही ठरत नाही.

राहता राहिलं ‘निदान एका जिल्ह्यात करून पाहायला काय हरकत आहे?’ चार्टरच्या मांडणीत नापास शाळा बंद पडणं हाच इलाज आहे. त्यासाठी मुलाला जवळ दुसरी शाळा हवी, नाहीतर न्यू ऑर्लीन्ससारखी शहरभर फिरणारी बस. ईकॉट जानेवारी 2018 मध्ये, भर वर्षात बंद पडली तेव्हा हजारो मुलांना दुसरी शाळा शोधावी लागली आणि ती सापडली, कारण तिथे शाळा होत्या. मेळघाटातल्या किंवा भामरागडकडच्या पाड्यावर वीस पटाची एकच शाळा असते, दुसरी काही किलोमीटरवर नाल्यापलीकडे. तिथे चालक करार सोडून गेला तर दुसऱ्या दिवशी मुलांनी कुठे जायचं, याचं उत्तर त्या मजकुरात नाही. ज्यांना प्रयोग करायचाय त्यांनी जिल्ह्याचं नाव सांगण्याआधी ते द्यावं.