अडीच फरशा ऊन

नाशिकला थंडी पडली की दोन गोष्टी होतात. पेपरात पहिल्या पानावर निफाडचं नाव येतं आणि आमच्या आईची मान ताठ होते. आई निफाड तालुक्यातली. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, हे ती माहेरच्या ख्यालीखुशालीसारखं वाचते. २०१८ च्या डिसेंबरात तिथे १.८ अंश नोंदले गेले, तेव्हा तिने महाबळेश्वरला राहणाऱ्या मामेबहिणीला मुद्दाम फोन लावला होता. “काही नाही गं, सहज. तुमच्याकडे किती?”

तर यंदा जानेवारीतल्या एका शनिवारी रात्री मी घरात जाहीर केलं की उद्या कुठेही जायचं नाही. दिवसभर घरात बसून थंडी एन्जॉय करायची. डोळ्यांसमोर सगळं तयार होतं. गोधडी, आल्याचा चहा, दोन्ही कुशींत दोन मुलं, मी गोष्ट सांगतोय, ती ऐकतायत. बायकोची रविवारी ड्यूटी होती. डब्याची पिशवी शोधता शोधता ती म्हणाली, “कर हं एन्जॉय.” त्यातला ‘हं’ मला तेव्हाच ऐकू यायला हवा होता.

लहान मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आत भरवू नका, असं सरकारने २०२४ मध्ये सांगितलं. रविवारी मुलांनी किती वाजता उठावं, याबद्दल सरकार गप्प आहे. एरवी शाळेच्या दिवशी जिला उचलून बेसिनपाशी उभी करावी लागते, ती आमची पाच वर्षांची थोरली सहा वाजून दहा मिनिटांनी माझी पापणी दोन बोटांनी वर करून आत बघत होती. “बाबा, तू आत आहेस का?” मागे अडीच वर्षांचा धाकटा उभा. अंगात बनियन. फक्त बनियन. रात्री आम्ही त्याला स्वेटर, पायजमा, मोजे घालून झोपवला होता. हा ऐवज रात्रीतून कुठे जातो, हे मला आजवर कळलेलं नाही. मोजा तर नेहमी एकच सापडतो.

रविवार म्हणजे आईच्या हिशेबी अंगाला तेल लावून न्हाण्याचा दिवस. त्यातून थंडीत तेलाशिवाय आंघोळ म्हणजे, तिच्या शब्दांत, “नुसतं भांडं विसळल्यासारखं.” तिने खोबरेलाची बाटली तळहातावर उपडी केली. काही आलं नाही. हलवली, थोपटली, बुडावर दोन चापट्या दिल्या. बाटली पांढरीफटक आणि ढिम्म. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गेलं की गोठायला लागतं. म्हणजे आमच्याकडे दिवाळीनंतर ते तेल राहत नाही, त्याची वडी होते.

“काय झालं तेलाला?” धाकट्याने विचारलं.

“थंडी वाजली त्याला,” आई म्हणाली. “बघ कसं आखडून बसलंय. अरे, जरा उबेला ठेव रे ते.”

हा शेवटचा हुकूम मला होता. पण माझ्या हातात त्या क्षणी एक उघडा मुलगा होता. मी चमच्याच्या दांड्याने दोन लपके खरवडून काढले, तळव्यांत चोळून दोघांना फासले, बूच बाटलीवर नुसतं टेकवलं आणि बाटली गॅलरीच्या कठड्यावर ठेवून दिली. ऊन येईल तेव्हा वितळेल म्हटलं.

आमच्या सोसायटीत पाणी सोलरचं. हिवाळ्यात ते पहिल्या तीन-चार घरांना कढत येतं, मग कोमट, आणि मग टाकीत जे काही असेल ते. त्यामुळे आधी मुलांना बाथरूममध्ये जायला तयार करायचं, यात कढत पाणी शेजाऱ्यांकडे जातं. मग मी गॅसवर पातेली चढवतो. मग मुलं आत जातात, आणि तिथून पुढचा प्रश्न त्यांना बाहेर काढायचा. कारण बादलीत ऊब आणि बाहेर आठ अंश, हे त्यांना माझ्याआधी कळलेलं असतं. “अजून एक तांब्या.” “शेवटचा.” “हा खरा शेवटचा.” तोवर माझ्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत ओल्या आणि दात वाजायला लागलेले.

धाकट्याला पंचात गुंडाळून उचलला, तर तो तेलकट असल्यामुळे साबणाच्या वडीसारखा सटकला आणि पळाला. हॉलमधून, स्वयंपाकघरातून, देवासमोरून, गॅलरीत. आमची फरशी जानेवारीत बर्फाची लादी असते. मी सपाता घालूनही टाचा उचलून चालतो. त्यावरून हा मुलगा जन्मावेळच्या वेषात खिदळत धावतोय आणि मागून दोन स्वेटर, मफलर, कानटोपी घातलेला मी कुडकुडत धावतोय. समोरच्या बिल्डिंगमधले काका चहा पीत होते. त्यांनी कप वर करून मला शुभेच्छा दिल्या.

मग कपडे. बंडी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्यावर आजीने विणलेला स्वेटर. आजी माप मनात घेते, आणि मुलाचं डोकं तिच्या मनात जरा लहान आहे. स्वेटर कपाळाखाली येऊन अडकला आणि आतून आरोळी आली, “लाइट गेलीऽऽ!” थोरलीने लगेच जाऊन खरोखरचे दिवे तपासले. ओढून-ताणून लाइट आली. मग जाकीट, पायजम्यावर पायजमा, मोजे (दोन रंगांचे), माकडटोपी. आता सगळं चढवल्यावर पोराला शू लागणार, असं तुम्हाला वाटलं असेल. आमच्याकडे ती लागत नाही. तो शांतपणे माझ्याकडे बघून म्हणाला, “बाबा, झाली.”

आठ चाळीसला गॅलरीत ऊन येतं आणि सव्वादहाला जातं. जानेवारीत त्याचा आकार अडीच फरशा. या अडीच फरशांवर आमच्या घरातल्या सगळ्यांचा डोळा असतो. आईचे गुडघे तिथे हवेत. धुतलेल्या पायजम्यांना तिथेच जागा हवी. तिळाचं ताट वाळायला, मिरच्यांचं सूप वाळायला, तुळशीलाही तेवढंच ऊन. आणि मी तर पेपर आणि चहा घेऊन तिथे बसण्यासाठीच हा सगळा रविवार योजला होता. ऊन सरकेल तसं आमचं बिऱ्हाड सरकतं. आई पाट घेऊन, मी खुर्ची घेऊन, तुळस कुंडीसकट. मुलं मात्र सावलीत खेळत होती. थंडगार फरशीवर पोटावर पडून, जाकिटं काढून, टोप्या बाहुल्यांना घालून.

“अगं, यांना थंडी वाजत कशी नाही?” मी विचारलं.

“लेकरांची थंडी शेळ्या खातात,” आई म्हणाली.

थोरली उठून बसली. “मग शेळ्यांना दुप्पट थंडी वाजत असेल. त्यांना स्वेटर कोण घालतं?”

“गोणपाट बांधतात गं त्यांना. आमच्याकडे बांधायचे.”

“त्या काढून टाकत नाहीत?”

“नाही. शेळ्या ऐकतात,” आई म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. का, ते कळलं नाही.

मग आई तिच्या माहेरच्या बागांवर घसरली. कडाका पडला की द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून मामा पहाटे उठून बागेत ठिकठिकाणी शेकोट्या करतो, ठिबकचं पाणी सोडतो, रात्र रात्र जागतो. त्याच थंडीने गव्हाला मात्र मानवतं. आईचं सगळं सांगून झाल्यावर मला जाणवलं की मामाचं आणि माझं दुःख सारखंच आहे. फरक इतकाच की द्राक्षाचे घड जागेवर राहतात. तेवढ्यात ऊन गेलं. चहा कधीच थंड झाला होता. कठड्यावरची बाटलीही नव्हती, पण ते माझ्या लक्षात आलं नाही.

दुपारबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, वर लोण्याचा गोळा. या जेवणानंतर ज्याला झोप येत नाही, तो माणूस नव्हे. मला आली. त्यांना नाही आली. तीन वेळा डोळा लागला आणि तिन्ही वेळा कुणीतरी माझ्या पोटावर गार पाय टेकवले. धाकट्याचे तळपाय म्हणजे फ्रीजमधून काढलेली दोन वांगी.

संध्याकाळी आईच्या गावाकडून आलेले ओल्या हरभऱ्याचे डहाळे घेऊन आम्ही खाली गेलो. गेटपाशी वॉचमनकाकांची शेकोटी रोज असते. डहाळे जाळावर धरायचे, पाला जळला की राखेतून घाटे वेचायचे आणि बोटं भाजत सोलायचे. दिवसातली ही पंधरा मिनिटं माझ्या मनातल्या चित्राच्या सर्वांत जवळ गेली. मुलं शांत, तोंडं चालू, पुढून शेक, पाठीला गारवा. धाकटा एक घाटा मला आणि एक शेकोटीला, असं वाटप करत होता. मग थोरलीने माझ्याकडे बघितलं आणि ती हसायला लागली. मी तिच्याकडे बघितलं. काजळी कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि धाकट्याची तर कानांतही. दोघांच्या केसांना धुराचा वास.

म्हणजे आंघोळ. पुन्हा.

दुसऱ्या खेपेचं वर्णन करत नाही. पहिल्यासारखंच झालं, फक्त अंधारात. नंतर गालांना फासायला तेल शोधलं तर बाटली कुठेच नव्हती. कठड्यावर नाही, खाली कुंड्यांत नाही, फडताळात नाही. आईने मला दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा ‘उबेला ठेव म्हटलं होतं’ हे जोडलं. शेवटी तूप लावलं. मुलं रात्रभर निरांजनासारखी दरवळली.

बायको नऊला आली. दार उघडताच तिने हॉलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काहीही न विचारता आधी चहा टाकला. याला संसार म्हणतात. मुलं दहाला झोपली. साडेदहाला मी आईच्या जुन्या सुती लुगड्यांची ती जाड गोधडी अखेर अंगावर ओढली. सकाळपासून तिची घडी पलंगाच्या कोपऱ्यात तशीच पडली होती. एका बाजूला थोरली, दुसऱ्या बाजूला धाकटा. गोष्ट ऐकायला कुणी जागं नव्हतं, पण म्हटलं, तेवढं चालेल. ऊब हळूहळू पायांकडून वर चढायला लागली. डोळा लागला.

तासाभराने जाग आली ती ओल्याने. पाठीखाली ओलं, कोमट, पसरत चाललेलं. मी अंधारात धाकट्याचा पायजमा चाचपला. कोरडा. पुन्हा चाचपला. ठणठणीत कोरडा. मग माझीच मला शंका आली, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर ती शंका फार वाईट असते. मी हात नाकाशी नेला.

खोबरेल.

दिवा लावला. गोधडीच्या घडीतून, माझ्या कमरेपाशी, बाटली निघाली. आडवी, बूच नसलेली, जवळजवळ रिकामी. धाकट्याच्या बनियनमध्ये व्यवस्थित गुंडाळलेली. तिला एक मोजाही घातला होता. सकाळी न सापडलेला.

तो डोळे चोळत उठून बसला. “बाबा, त्याला थंडी वाजत होती,” तो म्हणाला आणि बाटलीला पुन्हा पांघरूण घालायला लागला.

पलीकडच्या खोलीतून आईचा आवाज आला, “वितळलं का रे? सकाळपासून सांगतेय, उबेला ठेव.”