बर्डीच्या टेकडीवर आपले कोण होते?

नोव्हेंबर आला की आमच्या नागपूरच्या शाळेच्या ग्रुपवर ठरलेला वाद सुरू होतो. 1817 साली सीताबर्डीच्या लढाईत भोसले हरले ते आपल्याच लोकांमुळे, ईस्ट इंडिया कंपनीकडून लढलेले देशी शिपाई सगळे गद्दार, असं अर्धे म्हणतात आणि बाकीचे म्हणतात शिपाई तो शिपाई, सलाम करा. मी इंग्लंडमध्ये राहते, इथे याच महिन्यात लोक युद्धात गेलेल्यांच्या आठवणीसाठी कोटावर कागदी पॉपीचं फूल लावतात आणि आमच्या एवढ्याशा गावातही चर्चजवळच्या दगडावर पहिल्या महायुद्धात गेलेल्यांची नावं आहेत, एकाच आडनावाची दोन-दोन. ते पाहून ग्रुप उघडला की वाटतं, राजेहो, आधी टेकडीवर झालं काय ते तर बघा.

26 नोव्हेंबरच्या संध्याकाळी तोंड फुटलं. कंपनीकडे जेमतेम चौदाशेच्या आसपास माणसं, त्यात बहुतेक मद्रासी शिपाई आणि थोडे बंगालचे घोडेस्वार. नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांकडे फौज कितीतरी मोठी, पण त्यातले सगळ्यात चिवट कोण, तर पगारी अरब! 27 ला सकाळी त्यांनी बर्डीच्या दोन टेकड्यांपैकी लहान टेकडी कंपनीकडून घेतली आणि तिथली तोफ मोठ्या टेकडीकडे वळवली. मग कंपनीच्या कॅप्टन फिट्झगेराल्डने हुकूम नसताना घोडदळ घातलं, अरबांमध्ये दारूगोळा उडाला, शिपायांनी टेकडी परत घेतली आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं.

या शिपायांत 24 वी मद्रास पलटण होती. ही मुळात 1 नंबरची पलटण, पण 1806 ला तमिळनाडूतल्या वेल्लोरला नवी पगडी घाला, दाढी काढा, कपाळावरचं गंध नको असल्या हुकुमांवरून बंड झालं, त्यात ही होती म्हणून तिचा नंबरच काढून घेतला. बर्डी जिंकल्यावर त्यांनी बक्षीस काय मागितलं? आमचा जुना नंबर परत द्या. आणि तो मिळाला. आता यांना एका शब्दात गद्दार म्हणून मोकळं कसं व्हायचं, मला तरी जमत नाही.

अरबांचंही तेच. अप्पासाहेब 16 डिसेंबरला शरण गेले तरी हे शहरात अडून बसले, 24 ला जुम्मा दरवाजावरचा कंपनीचा हल्ला त्यांनी परतवला. जुम्मा दरवाजा म्हणजे आपलं महालातलं गांधी गेट, जिथून आपण रोज स्कूटर काढतो.

इंग्लंडच्या लोकांचं नावं जपणं मला मनापासून आवडतं, पण ती त्यांच्याच माणसांची. बर्डीवर कंपनीचे 367 मेले किंवा जखमी झाले, त्यातले अधिकारी नावानिशी सापडतात, शिपाई आकड्यात. ते काम इंग्रज करणार नाहीत, आपणच करायला पाहिजे. टेकडीवरचा किल्ला लष्कराकडे आहे, वर्षातून मोजकेच दिवस उघडतो, ते समजू शकतं. पण खाली बर्डीचं मेट्रो स्टेशन आहे, तिथे मराठीत एक मोठा फलक लावा ना, अरब, मद्रासी, भोसल्यांचे लोक, सगळ्यांचा, वेल्लोरसकट.