तुकोबांच्या अभंगावर मालकी सांगणारे हे कोण?

आज परत तेच झालं. गावच्या भजनी मंडळाचा एकादशीचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला, तासाभरात मेल हजर, कॉपीराइट क्लेम. कशावर? तर ४:१२ ते ७:५० या तुकड्यावर, म्हणजे जिथे आमचे बुवा तुकोबांचा अभंग म्हणतायत, मागे दोन पखवाज, वीस-पंचवीस टाळ, कुणीतरी मध्येच खोकतंय, देवळाची घंटा वाजतेय, सगळं मोबाईलवर शूट केलेलं. आणि मालक म्हणून नाव कुणाचं, तर कुठल्यातरी म्युझिक कंपनीचं, ज्यांनी कधीकाळी तोच अभंग त्याच पारंपरिक चालीत एका गायकाकडून गाऊन घेतला होता. यूट्यूबच्या आपोआप तपासणी करणाऱ्या मशीनला चाल जुळलेली दिसली, झालं, आमचं भजन त्यांचं!

अरे, तुकोबा सतराव्या शतकातले! आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, त्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क चालतो (आधी ५० च होती, १९९१ संपता संपता टागोरांचं साहित्य सगळ्यांसाठी खुलं होणार असं दिसल्यावर ती वाढवली). कुठूनही मोजा, अभंग कुणाच्या बापाचा नाही, सगळ्यांचा आहे. कंपनीने जे रेकॉर्डिंग केलं ते त्यांचं, मान्य, ते कुणी उचललं तर त्यांनी खुशाल भांडावं, पण आमच्या बुवांच्या गळ्यातून निघालेला आवाज त्यांचा कसा काय होतो?

आणि याचा परिणाम काय होतो बघा. आमचं चॅनेल पैसे कमवायला नाहीये, मुंबई-पुण्यात गेलेल्या, दुबईत असलेल्या गावकऱ्यांना भजन ऐकता यावं म्हणून आहे. पण क्लेम लागला की त्या कंपनीला आमच्या व्हिडिओवर जाहिराती चालवून पैसे घेता येतात. म्हणजे हरिपाठ आमचा, रात्रभर जागरण आमचं, आणि मध्येच गुटख्याच्या भावंडाची, पानमसाल्याची जाहिरात लागून त्याचे पैसे त्यांच्या खिशात. संताप नाही येणार तर काय होणार!

बरं, तक्रार करा म्हणतात. केली. तर ती तक्रार पहिल्यांदा जाते कुणाकडे? ज्याने क्लेम केला त्याच्याकडेच! त्याला उत्तर द्यायला ३० दिवस. त्याने नाही म्हटलं तर अपील करा, तेव्हाही पुन्हा तोच ठरवणार, आणि त्याने चिडून व्हिडिओ काढून टाकायची रीतसर नोटीस पाठवली तर चॅनेलवर स्ट्राइक, म्हणजे यूट्यूबची ताकीद. ९० दिवसांत असे तीन झाले की चॅनेलच बंद, सगळ्या वर्षांची भजनं गेली. म्हणून मंडळातले काका म्हणतात, जाऊदे रे, कशाला नाद करतोस, काढून टाक तो तुकडा. या "जाऊदे" वरच तर या कंपन्यांचं सगळं चाललंय. यूट्यूबच्याच अहवालात २०२१ च्या पहिल्या सहा महिन्यांत ७२ कोटींच्या वर क्लेम लागल्याचं दिलंय, त्यातले जेमतेम ३७ लाख लोकांनी आव्हान दिलेले, आणि त्या आव्हानांत साधारण ६० टक्के वेळा व्हिडिओवालाच जिंकला. म्हणजे जो भांडला तो बहुतेकदा बरोबर होता, बाकीचे कितीजण आमच्या काकांसारखे गप्प बसले असतील ते कोण मोजणार?

खरं तर आपल्या कायद्यात चांगली गोष्ट आहे. कलम ५२ म्हणतं की तक्रार आली तर वेबसाइटने ती गोष्ट २१ दिवस थांबवावी, तेवढ्यात तक्रारदाराने कोर्टाचा आदेश आणला नाही तर ती परत दाखवायला मोकळीक. म्हणजे ज्याचा दावा त्यानेच कोर्टात जायचं. कलम ६० तर कारण नसताना कॉपीराइटच्या धमक्या देणाऱ्यावर उलटा दावा लावायची सोय देतं. पण भजनी मंडळ काय कोर्टात जाणार? वकिलाची फी मंडळाच्या वर्षाच्या वर्गणीपेक्षा जास्त. आणि यूट्यूब चालतं त्याच्या स्वतःच्या मशीनवर, तिथे आपली कलमं विचारतो कोण.

आणि हे फक्त भजनापुरतं नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये दोन हिंदी सिनेमांची पायरसी थांबवायला मद्रास हायकोर्टाचा आदेश निघाला, अडीच हजाराच्या वर वेबसाइट बंद, आणि त्या यादीत इंटरनेट अर्काइव्ह पण! जिथे आपली कितीतरी जुनी मराठी पुस्तकं स्कॅन होऊन पडलीयत, जी आता दुकानात शोधून मिळत नाहीत, ती साइट दोन सिनेमांसाठी देशभर बंद. त्याआधी २०१२ लाही हेच, व्हिमिओसारखी व्हिडिओंची साइट अख्खी बंद, नंतर त्याच कोर्टाला सांगावं लागलं की नेमक्या लिंका बंद करा, पूर्ण साइट नको. आरोप करणाऱ्याने यादी द्यायची, सगळं बंद करायचं, आणि निरपराध असेल त्याने नंतर धावत बसायचं, ही कसली पद्धत?

एआय आणि कॉपीराइट यावर सरकारने २०२५ मध्ये समिती नेमली, चांगलंय. पण खोट्या क्लेमचं काय? माझं सरळ म्हणणं आहे, क्लेम करणाऱ्याकडून आधी डिपॉझिट घ्या, क्लेम खोटा निघाला तर ते पैसे ज्याच्या व्हिडिओवर क्लेम केला त्याला द्या, आणि परत परत खोटे क्लेम करणाऱ्या कंपनीचा क्लेम करायचा अधिकारच काढून घ्या. आम्हाला तीन स्ट्राइक आहेत ना, मग त्यांनाही तीनच. आणि संतांचे अभंग, ओव्या, आरत्या, पारंपरिक चाली यांची एक यादी सरकारनेच करून या प्लॅटफॉर्मना द्यावी, यावर कुणाचाही क्लेम चालणार नाही म्हणून.

मी तो तुकडा काढणार नाहीये. काकांना सांगितलंय, चॅनेल गेलं तर गेलं, सगळे व्हिडिओ हार्डडिस्कवर उतरवून ठेवलेत, पण अपील मी करणारच.