महामार्गाची आखणी एका क्लिकवर? जरा थांबा

‘नव्या महामार्गाची आखणी आता संगणकाचं काम आहे. नकाशा द्या, दोन टोकं द्या, सर्वांत स्वस्त मार्ग मिनिटांत मिळतो. पर्याय, पाहण्या, जनसुनावण्या हे सगळं वेळकाढूपण,’ अशा अर्थाचा मजकूर सध्या जोरात फिरतोय. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तो पटकन पटतो. एकेक दावा पाहू.

‘सरळ मार्ग तोच स्वस्त.’ सपाट मैदानात असेलही. पण वाटेत 200 मीटर उंचीची डोंगररांग आली आणि चढ 4 टक्क्यांच्या आत ठेवायचा असला, तर माथा गाठायला किमान 5 किलोमीटर रस्ता लागतो. सरळ गेलं तर समजा हाताशी असतात जेमतेम 2 किलोमीटर. मग वळणं घ्या, खोल कटिंग करा, नाहीतर बोगदा खणा. चढ 10 टक्के ठेवला तर भरलेल्या ट्रकमागे सगळी वाहतूक रांगणार, हे वेगळं सांगायला नको.

‘संगणक चुकत नाही.’ हिशेबात चुकत नाही, हे खरं. नकाशाचे बारीक चौकोन पाडतात, प्रत्येकाला खर्चाचा आकडा देतात आणि कमीत कमी बेरजेची वाट शोधतात. डच संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी 1959 मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत यासाठी आजही वापरतात. गोची चौकोनांत आहे. नदी तिरकी वाहत असेल आणि नकाशात एकाच चौकोनाएवढी रुंद असेल, तर तिचे चौकोन नुसते कोपऱ्याला कोपरा लावून उभे राहतात. संगणक त्या कोपऱ्यांमधून तिरका निसटतो. नदी पार, पुलाचा खर्च शून्य! म्हणून जाणकार नकाशात नदी मुद्दाम जाड करून घेतात. आणि खाली कातळ आहे की दलदल, हे शेवटी बोअर घेतल्यावरच पक्कं कळतं.

‘संगणक निःपक्षपाती असतो.’ माझा खरा आक्षेप इथे आहे. चौकोनात जंगल असेल तर खर्च 8 आणि शेती असेल तर 3, असे आकडे ठरवतो कोण? माणूसच. निव्वळ जमिनीचा भाव धरला, तर रस्ता उद्यानांतून, पाणथळीतून आणि गरीब वस्त्यांतून जाणार, कारण तिथे कागदावर खर्च कमी दिसतो. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या रिचमंड पार्कवे या नियोजित रस्त्यासाठी भूदृश्य-रचनाकार इयान मॅकहार्ग यांनी 1968 मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं. उतार, माती, जंगल, वस्ती अशा एकेका गोष्टीचा पारदर्शक नकाशा केला, जिथे नुकसान जास्त तिथे छटा गडद ठेवली आणि सगळे नकाशे एकावर एक ठेवून फिकट पट्टा शोधला. त्यातही खोट होतीच: सगळे थर, म्हणजे नकाशे, सारख्याच वजनाचे. आज प्रत्येक थराला भारांक, म्हणजे कमी-जास्त महत्त्वाचा आकडा, देतात, पण अहवालात ते कुठेतरी परिशिष्टात दडलेले असतात. ते मागून घ्यावेत, थोडे इकडे-तिकडे करून गणित पुन्हा चालवायला लावावं. मार्ग जागेवर राहिला तर ठीक. दुसऱ्याच खोऱ्यात गेला, तर ‘सर्वोत्तम’ म्हणण्याची घाई नको.

‘जनसुनावणी म्हणजे वेळ वाया.’ काही सुनावण्या नुसता उपचार असतात, मान्य. पण पुराचं पाणी कुठवर चढतं, गुरं कुठून जातात, कोणती विहीर उन्हाळ्यातही आटत नाही, यातलं बरंचसं कुठल्याच थरात नसतं. आखणी पक्की होण्याआधी हे कळलं तर नकाशावरची रेघ सरकवून भागतं. भराव टाकल्यावर कळलं तर मोऱ्या नव्याने बांधाव्या लागतात.