तिसरं तावदान म्युनिकला, छज्जा पुण्याला

पुण्यात माझ्या भावाच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरलाय. बिल्डरने सोयींच्या यादीत ‘जर्मन पद्धतीच्या तीन काचांच्या खिडक्या’ लिहिल्यात आणि त्यावरून सभासदांत दोन तट पडलेत. मी म्युनिकला राहतो म्हणून मला विचारलं गेलं. माझं मत स्पष्ट आहे: इथे त्या खिडक्या हव्यातच, पुण्यात तो पैसा दुसरीकडे लावा.

इथल्या जानेवारीत एखाद्या रात्री बाहेर उणे १० अंश असतं आणि घरात २०. फरक ३० अंशांचा. आमच्या इमारतीसारख्या १९७०च्या दशकातल्या घरांत जुन्या दुहेरी काचा असतात. त्यांचा यू-व्हॅल्यू, म्हणजे एका अंशाच्या फरकाला एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता निसटते तो आकडा, २.८च्या आसपास. हिशेब केला तर चौरस मीटरमागे ८४ वॅट, रात्रभर. तीन काचा, मधे आर्गॉन वायू, काचेवर धातूचा अतिसूक्ष्म थर आणि भक्कम चौकट असली की तो आकडा ०.८पर्यंत उतरतो. ८४चे २४ होतात. कायद्याने नव्याने बसवलेल्या खिडकीला १.३ची मर्यादा आहे. सरकारी अनुदान हवं असेल तर ०.९५. फ्लॅट आपला असला तरी खिडक्या इथे इमारतीच्या सामायिक मालकीच्या, त्यामुळे निर्णय सभेतच होतो. भांडणं आपल्यासारखीच होतात, पण आकडे समोर ठेवून.

आता पुण्यातली एप्रिलची दुपार घ्या. बाहेर ३८, एसी लावलेल्या खोलीत २६. फरक जेमतेम १२ अंशांचा. साध्या एकेरी काचेतूनही त्या फरकामुळे चौरस मीटरला ७० वॅटच आत येतात. खरा मार उन्हाचा. पश्चिमेच्या खिडकीवर चौरस मीटरला ५०० वॅटहून जास्त ऊन पडतं आणि इथली तीन काचांची खिडकी त्यातलं जवळपास निम्मं आत घेते. ती घडवलीच आहे तशी, कारण इथे हिवाळ्यातलं ऊन म्हणजे फुकटची ऊब. पुण्यात तेच ऊन आत येऊन कोंडून बसेल. जुलैत जर्मन माणूससुद्धा काचेच्या भरवशावर राहत नाही, बाहेरची झडप खाली ओढतो. ऊन काचेपर्यंत पोचण्याआधीच अडवायला हवं: दक्षिणेला खोल छज्जा, आणि पश्चिमेला, जिथे सूर्य खाली उतरून छज्ज्याखालून आत शिरतो, बाहेरच्या झडपा किंवा जाळी. नव्या इमारतींत छज्जे आखडत चाललेत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. दोन रुळांची स्लायडिंग खिडकी निम्मीच उघडते. २०१८ साली आलेल्या ‘इको-निवास संहिते’त, म्हणजे घरांसाठीच्या केंद्राच्या ऊर्जाबचत नियमावलीत, मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेसाठी उघडणारी जागा खोल्यांच्या क्षेत्रफळाच्या १६.६६ टक्के असावी असं म्हटलंय. सोसायटीच्या वादात याबद्दल कुणी अवाक्षर काढलेलं नाही.

वहिनीची तक्रार हॉर्नच्या आवाजाची आहे आणि ती शंभर टक्के खरी आहे. पण त्यासाठी वेगवेगळ्या जाडीच्या दोन काचा, त्यातली एक लॅमिनेटेड (मधे प्लास्टिकचा पातळ थर चिकटवलेली), आणि फटी बंद करणारं चांगलं रबर एवढं पुरतं. तिसऱ्या काचेने मुख्यतः वजन वाढतं. ४ मिलिमीटरची काच चौरस मीटरला १० किलो भरते. तीन काचांचे ३० किलो बिजागऱ्यांनी वर्षानुवर्षं पेलायचे. कडेचं सील गेलं, आत दमट हवा शिरली, की अख्खा काचसंच बदलावा लागतो.

जर्मनीकडून घ्यायचंच असेल तर आकडे मागायची सवय घ्या. एसी घेताना आपण तारे मोजतो. खिडकीचा यू-व्हॅल्यू आणि काच किती ऊन आत घेते तो एसएचजीसी, दोन्ही बिल्डरकडून लेखी घ्या. बिजागरीवर पूर्ण उघडणारी खिडकी मागा, छज्ज्याची खोली नकाशावर मोजा आणि हे सगळं करारात घाला. सह्या अजून व्हायच्यात.